नव्वद गोळ्या, तेरा आठवडे

सकाळी ७.३०

आज कोजागरी. संध्याकाळी दूध आटवायचंय, लवकर ये, असं सासूबाईंनी दोनदा बजावलं. मी हो म्हटलं, पण डोक्यात दुसरीच तारीख घोळत होती. दिवाळी झाली की कोयते निघणार. आमच्या मराठवाड्यात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, गाडी ठरलेली असते, आणि एकदा गाडी निघाली की मार्च-एप्रिलपर्यंत माणूस गावात नसतो. यंदा सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन शेतातच कुजलं. दरवर्षी न जाणारेही यंदा जाणार आहेत. त्यांच्यातले आमचे जे आहेत ते आज-उद्यात भेटायला हवेत.

मी एका जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात समुपदेशक आहे. एचआयव्ही असलेल्यांना सरकार इथे फुकट औषध देतं. देशात ही सोय १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली. पुढे ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची नावं-गावं दिलेली नाहीत. वयं आणि लेकरांची संख्याही मी बदलली आहे. कायद्यानं ही माहिती गुप्त आहे, आणि कायदा नसता तरी मी ती गुप्तच ठेवली असती.

८.५०

शटर उघडायच्या आधीच बाकडी भरलेली. पहिल्या एसटीनं आलेल्या बायका. तिकीट निम्मं झाल्यापासून बायका औषधाला स्वतः येतात, नवऱ्याच्या हाती निरोप धाडत नाहीत. माझ्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट आहे. नवरा आला तर तो स्वतःच्या आणि तिच्या बाटल्या पिशवीत टाकून जातो आणि तिच्याशी माझं बोलणं राहून जातं.

नोंदीचं हिरवं पुस्तक, वजन, मग ते चार प्रश्न: खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलं का, रात्री घाम येतो का. चारही नाही म्हणाले की माझ्याकडे, मग डॉक्टर, मग औषधाची खिडकी. क्षयाचे हे चार प्रश्न केंद्रात प्रत्येकाला प्रत्येक वेळी विचारतात. कुणी लाजत नाही, कुणाला राग येत नाही, कारण ते सगळ्यांनाच विचारले जातात.

मी त्यांना पाचवा जोडला आहे: येत्या वर्षात मूल हवंय का?

९.२०

हा प्रश्न असा साधा विचारायला मला काही वर्षं लागली. आधी मी विचारायची, “निरोध वापरता ना?” बायका “हो” म्हणायच्या. सगळ्याच. मी खूण करायची आणि पुढची हाक मारायची. मग तीच बाई चार महिन्यांनी दिवस गेलेली यायची आणि तिला रागवायला मीच पुढे असायची. निरोध वापरायचा की नाही हे तिच्या हातात नव्हतं, आणि मी प्रश्न तिला विचारत होते.

“मूल हवंय का” विचारलं की बाई आधी माझ्याकडे बघते. असं कुणी तिला विचारलेलं नसतं. सासूनं “कधी?” विचारलेलं असतं, नवऱ्यानं काहीच विचारलेलं नसतं, आणि दवाखान्यात कुणीतरी म्हटलेलं असतं, “आता या आजारात कशाला?” उत्तरं चार तऱ्हेची येतात. हवंय. नकोय. आत्ता नको, नंतर. आणि चौथं, “मी काय सांगू, तुम्हीच सांगा की.” चौथ्या उत्तराला वेळ लागतो. त्या बाईला मी शेवटी बसवते.

आज पहिलीच बाई क्षयाच्या औषधावर निघाली. घरी माला-एन चालू आहे असं म्हणाली, तेही मी विचारलं म्हणून. क्षयाच्या औषधातलं रिफाम्पिसिन शरीरात गर्भनिरोधक गोळीचा जोर उतरवतं. गोळी रोज घेऊनही दिवस राहू शकतात. तेच रिफाम्पिसिन आमच्या टीएलडी या एचआयव्हीच्या रोजच्या गोळीतल्या डोल्युटेग्राविरचाही जोर कमी करतं, म्हणून डॉक्टर त्याची एक जादा गोळी बारा तासांच्या अंतरानं देतात. ही जादा गोळी तिला वेळेवर मिळाली होती. माला-एनचं मात्र कुणी विचारलं नव्हतं. क्षयाचं औषध एका खिडकीवर, एचआयव्हीचं दुसऱ्या, पाळणा लांबवायचं तिसऱ्या. तिन्ही औषधं एकाच पोटात जातात, पण तिन्ही खिडक्यांना मिळून एक बाई दिसत नाही. अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनला रिफाम्पिसिनची बाधा नाही. तिला ते समजावलं. घरी विचारून येते म्हणाली. तोवर निरोध.

१०.१०

जिची वाट पाहत होते ती आली. तिशीच्या आतली, तीन लेकरं, कमरेला पिशवी बांधलेली. नवराही आमच्याकडेच आहे, तो मुकादमाकडे गेला होता. दोघांचा व्हायरल लोड टीएनडी, म्हणजे तपासणीत विषाणू सापडत नाही.

“मॅडम, मला आता लेकरू नगं. पन आप्रेशन बी नगं. आप्रेशन केलं तर मोळी कोन उचलंल?”

जुलैत तिनं अंतरा घेतलं होतं. दर तीन महिन्यांनी घ्यायचं हे इंजेक्शन सरकारी दवाखान्यांत २०१७ पासून मिळतं. तिच्या दुसऱ्या इंजेक्शनची तारीख आजचीच आली आहे. प्रश्न आजचा नाही, जानेवारीचा आहे. जानेवारीत ती कोल्हापूरकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात, कुठल्यातरी फडात असणार.

मी तांबीबद्दल बोलले. एकदा बसवली की दहा वर्षं बघायला नको, प्रकृती चांगली असेल आणि औषध नीट चालू असेल तर एचआयव्ही असलेल्या बाईलाही चालते. ती म्हणाली, तांबी वर चढते. चढत नाही, ती गर्भपिशवीतच राहते, हे मी चित्र काढून दाखवलं. तिनं नीट पाहिलं, मान हलवली आणि मग खरं कारण सांगितलं. तिच्या जावेनं तांबी बसवली तेव्हा पहिले काही महिने पाळीत अंगावरून फार गेलं होतं. “घरी ठीक हाय वो. फडात पानी कुटं, आडोसा कुटं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहाटे चारला उसात शिरून संध्याकाळी कोपीवर परतणाऱ्या बाईनं पाळीचा हिशेब करून पद्धत निवडली, तर ती अडाणी नाही. तिचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का आहे. अंतरानं पाळी आधी अनियमित होते, पुढे बऱ्याच जणींची थांबते. थांबली तर त्यात अपाय नाही, हे तिला मी जुलैतच सांगितलं होतं. तिला तेच हवं होतं.

मग आम्ही दोघींनी कॅलेंडर काढलं. टीएलडीच्या तीन बाटल्या, तीस-तीसच्या. नव्वद गोळ्या. आज रात्रीपासून धरलं तर शेवटची गोळी ३ जानेवारीच्या रात्री. अंतराचे तेरा आठवडे ५ जानेवारीला पुरे होतात. दोन दिवसांचा फरक. इंजेक्शन ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी घेतलं तरी चालतं, चार आठवडे उशीर झाला तरी चालतं. म्हणजे जी बाई तीन महिन्यांनी गोळ्या न्यायला येणारच आहे, तिच्या त्याच फेरीत हे इंजेक्शन आपोआप बसतं. जादा फेरी नाही, खाडा नाही, घरी जादा सबब नाही. हे गणित मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी रजिस्टर उघडं ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले होते. आम्ही वर्षानुवर्षं बायकांना एका महिन्यात दोन वेगळ्या वारांना बोलवत होतो.

फड जिथे असेल तिथल्या एआरटी केंद्रासाठी पत्र डॉक्टरांनी दिलं. अंतराचं कार्ड वेगळं असतं. ते कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवता येतं आणि त्यावर एचआयव्हीचा उल्लेख नसतो, असायची गरजही नाही. तिनं पत्र एका पिशवीत ठेवलं आणि कार्ड दुसऱ्या.

११.१५

इंजेक्शन मात्र आमच्या खोलीत नाही. ते पीपी युनिटला, म्हणजे कुटुंब नियोजनाच्या विभागात, पलीकडच्या इमारतीत. मधे आवार, केसपेपरची रांग आणि एक जिना.

या अंतरानं माझ्या किती बायका गिळल्या! पूर्वी मी चिठ्ठी द्यायची: “कृपया गर्भनिरोधक साधनाबाबत मार्गदर्शन करावे.” चिठ्ठी घेऊन बाई आवारात जायची, तिथून थेट एसटी स्टँडवर. मला वाटायचं, हिला गरज नाही. मग एकदा एकीबरोबर स्वतः गेले. नवीन केसपेपर, नवीन रांग, आणि खिडकीतून मोठ्यानं प्रश्न: “कोणत्या ओपीडीतून आल्या?” मागे पंचवीस माणसं, त्यात तिच्या गावचं कुणीतरी असणारच. ती माझ्याकडे वळून हलकेच म्हणाली, “चला मॅडम, जाऊ द्या.” त्या दिवसापासून मी चिठ्ठ्या बंद केल्या.

फार पूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मी बाळंतिणीच्या फाइलीवर लाल शाईनं मोठ्या अक्षरात आजार लिहिलेला पाहिला आहे. पलंगाच्या पायथ्याशी टांगलेली फाइल, येणारा-जाणारा वाचणार. त्याच बाईला “आता ऑपरेशन करूनच जा” असं तिघांनी तीनदा सांगितलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. आजार उघड करणं, भेदभाव करणं त्यानं बेकायदा ठरवलं. एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या संमतीवाचून करता येत नाही, हेही त्यात लिहिलं आहे. मी ते पान झेरॉक्स करून टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे.

गेली काही वर्षं पीपी युनिटच्या एक सिस्टर सोमवार-गुरुवारी दोन तास आमच्या मागच्या खोलीत येऊन बसतात. एक पडदा, बीपीचं मशीन, अंतराच्या कुप्यांचा डबा आणि एक रजिस्टर. एवढ्यानं जे झालं ते आमच्या सगळ्या पोस्टरांनी झालं नव्हतं. बायका वजन करतात, मला भेटतात, पडद्याआड जातात, गोळ्या घेतात आणि घरी जातात. बाहेर बसलेल्याला ती काय घेऊन गेली ते कळत नाही.

आज सिस्टर नाहीत. त्यांना लसीकरणाच्या कामाला धाडलं आहे. ही व्यवस्था कुठल्याही आदेशात नाही. ती एका बाईच्या भलेपणावर चालते, म्हणून त्या सिस्टरची बदली झाली तर ही व्यवस्था मोडेल, हे मला रोज टोचतं.

आज त्या नाहीत म्हणून ऊसतोडीच्या त्या बाईला मीच घेऊन निघाले. केसपेपर मी काढला, रांगेत मी उभी राहिले. पीपी युनिटच्या दुसऱ्या सिस्टरनं बीपी घेतलं, कुपी दोन्ही तळव्यांत धरून थोडी कोमट केली, मग पांढरं औषध एकजीव होईपर्यंत हलवली. दंडात सुई. “जागा चोळायची नाही, शेकायची नाही.” कार्डावर पुढची तारीख पडली. ती तारीख ती बोटानं चाचपत राहिली. तिला वाचता येत नाही. “संक्रांतीच्या आदी ना?” म्हणाली. हो, संक्रांतीच्या आधी.

१२.३०

परत आले तर एक जोडपं ताटकळलेलं. त्याला एचआयव्ही आहे, तिला नाही. लग्नाला पाच वर्षं झाली, पाच वर्षं निरोध. आता मूल हवंय.

कुटुंब नियोजन म्हटलं की आपल्याकडे थांबवणं एवढंच कळतं. भिंतीवरचे लाल त्रिकोण पाहतच आपण वाढलो. पण ठरवून मूल होऊ देणं हेसुद्धा नियोजनच आहे, आणि एचआयव्हीच्या खोलीत तर ते फार मोठं काम आहे. आम्ही याबद्दल बोललो नाही तर लोक चोरून प्रयत्न करतात. औषध लपवतात, तपासणी टाळतात, गावच्या देवऋष्याला विचारतात.

त्याचे दोन व्हायरल लोड टीएनडी आहेत. मी त्यांना युरोपातल्या पार्टनर अभ्यासाचं सांगितलं, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ८८८ जोडपी, प्रत्येकातल्या एकाला एचआयव्ही, औषध चालू, विषाणू दबलेला. निरोधाशिवाय सुमारे ५८,००० वेळा संबंध आले आणि जोडीदाराकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. तो ऐकत होता, पण डोळे जमिनीवर. पाच वर्षं हा माणूस स्वतःच्या बायकोला हात लावायला भीत होता. “म्हणजे माझ्यापासून तिला…” एवढं म्हणून थांबला. नाही होणार, मी म्हटलं. गोळी एक दिवसही चुकवायची नाही, लोड असाच राहिला पाहिजे, तिची तपासणी आम्ही ठरल्या वेळी करत राहू, पाळीचे दिवस लिहून ठेवा, कोणते दिवस धरायचे ते मी सांगते, आणि तिनं फॉलिक ॲसिड आजपासून सुरू करायचं.

बायको इतका वेळ गप्प होती. जाताना म्हणाली, “ताई, हे लिहून द्या. मी आत्याबाईंना वाचून नाही दाखवणार. माझ्यासाठी.”

मी कागदावर लिहून दिलं. आजार सोडून सगळं.

१.४५

डबा. शेजारी नवी समुपदेशक, अजून सगळं वहीत टिपून घेणारी. तिनं विचारलं, टीएलडी गरोदरपणात चालते ना, इंटरनेटवर काही वेगळंच लिहिलंय. तिला मी २०१८ ची गोष्ट सांगितली. बोट्सवानातल्या एका मोठ्या पाहणीत, गर्भ राहताना डोल्युटेग्राविर घेत असलेल्या ४२६ बायकांच्या बाळांपैकी चौघांत मज्जानलिकेचा दोष दिसला. जगभर घबराट झाली. अनेक देशांत मूल होण्याच्या वयातल्या बायकांना हे चांगलं औषध द्यायचंच थांबवलं, नाहीतर आधी गर्भनिरोधक घ्या म्हणून अट घातली. पुढे आकडेवारी वाढत गेली तसा तो धोका विरघळत गेला, आणि जुलै २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हे औषध बायकांसह सगळ्यांना पहिल्या पसंतीचं म्हणून सांगितलं. मधल्या काळात आफ्रिकेतल्या बायका बोलल्या: धोका काय तो आम्हाला सांगा, निवड आम्ही करू. मला हे त्या औषधापेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

२.३०

ती तेविशीची. दहा आठवडे. नको असताना राहिलेलं. रागात होती, आणि राग रास्त होता. वर्षभर ती दर महिन्याला औषधाला येत होती, दुसऱ्या एका केंद्रात. बारा वेळा वजन झालं, बारा वेळा गोळ्या मोजल्या. “गोळ्या मोजल्या, पन मला कुनी इचारलं न्हाई.”

मी दोन्ही वाटा सांगितल्या. ठेवायचं असेल तर: काहीच उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, आईचं औषध नीट चालू असेल आणि बाळाला सिरप वेळेवर दिलं तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. नको असेल तर: कायदेशीर गर्भपात सरकारी दवाखान्यात होतो, निर्णय तुझा, आणि दोन्हींत मी सोबत आहे. निर्णय तिनं आज घेतला नाही. घ्यावा असं मी म्हटलंही नाही. गुरुवारी येते म्हणाली. निघताना एवढंच सांगितलं, की ठेवलंस तर लोहाची आणि कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी टीएलडीबरोबर घ्यायची नाही. त्यांनी टीएलडीचं शोषण कमी होतं. जेवणासोबत घेतलीस तर टीएलडीबरोबर चालते, नाहीतर टीएलडी दोन तास आधी. तिनं तेवढं मात्र दोनदा म्हणून दाखवलं.

३.४०

शेजारच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात, सहा आठवड्यांचं बाळ. लॅब टेक्निशियननं टाच कोमट केली, टोचलं, पहिला थेंब पुसला. दुसरा थेंब कागदावरच्या वर्तुळात पडला आणि कडेपर्यंत पसरला. मग पुढचं वर्तुळ. बाळ रडलं, आई नाही रडली. ती वर्तुळांकडे बघत होती. हा कागद वाळवून प्रयोगशाळेत जाईल. निकाल चांगला आला तरी सहा महिन्यांनी, वर्षानं आणि शेवटी अठराव्या महिन्यात तपासणी राहील.

तांबी तिनं बाळंतपणातच बसवून घेतली आहे, वार पडल्यावर लगेच. सातव्या महिन्यात तिनंच मागितली होती. आज विचारलं काही त्रास? “काई न्हाई.” एवढ्या दोन शब्दांत तिची भेट झाली.

४.३०

संध्याकाळी पुरुष येतात. निरोधाचा डबा दाराजवळ ठेवलेला असतो, लाजणाऱ्यांसाठी. आज एकानं थांबून विचारलं, बायकोला ऑपरेशन करायचं म्हणतोय, तिच्या अंगात रक्त कमी आहे, चालेल का? मी म्हटलं, तुमचं करू. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी थोड्याच वेळात होते आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. मात्र नंतर तीन महिने निरोध, मग वीर्याची तपासणी. नसबंदीनं मूल थांबतं, एचआयव्हीपासून संरक्षण मिळत नाही, हेही सांगितलं. तो हसला नाही, उठूनही गेला नाही. तारीख विचारली. अशी माणसं महिन्यात एखादी भेटतात, आणि तो दिवस मला चांगला जातो.

हे दोन्ही एकत्र सांगताना मला र. धों. कर्वे आठवतात. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. गर्भनिरोध आणि गुप्तरोग हे दोन्ही विषय ते एकाच खोलीत, एकाच माणसाशी बोलत होते. पुढे आपण दोन खाती केली, दोन इमारती केल्या, दोन रजिस्टरं केली.

५.२०

रजिस्टर. आज एकोणतीस बायका, त्यातल्या अकरा जणी काहीतरी ठरवून गेल्या. सहा जणी “विचारून येते” म्हणाल्या. त्यांना गुरुवारी फोन करायचा आहे, आणि फोन नवऱ्यानं उचलला तर “वजनाची नोंद राहिली” एवढंच म्हणायचं आहे. गुरुवारी सिस्टर येतील का ते विचारलं. येतील.

माझ्या वहीत मी दोन रकाने आखले आहेत: गोळ्या कधी संपणार, इंजेक्शन कधी. सकाळच्या बाईच्या ओळीत ३ जानेवारी आणि ५ जानेवारी लिहिलं. तिसऱ्या रकान्यात गाव लिहायचं असतं. तो रिकामा ठेवला, कारण टोळी कुठल्या कारखान्याला जाईल ते अजून ठरलेलं नाही.

सोमवार, ५ जानेवारी. त्या दिवशी कमरेला पिशवी बांधलेली एक बाई कुठल्यातरी आरोग्य केंद्राच्या खिडकीशी अंतराचं कार्ड घेऊन उभी असेल. तिथल्या सिस्टरना माझी हात जोडून विनंती आहे: तिला परत पाठवू नका, आणि काही विचारायचंच झालं तर हळू आवाजात विचारा.